क्रॉकेटचं नाताळातलं पत्र

कुणीतरी म्हटलंय की अमेरिकी काँग्रेसमध्ये टेनेसी राज्याचा प्रतिनिधी असलेल्या डेव्ही क्रॉकेटची पत्रं इतकी अशुद्ध आहेत की त्याला राजकारण कितपत कळत होतं याची शंका येते. मला नेमकं उलट वाटतं.

२५ डिसेंबर १८३४ला वॉशिंग्टनहून त्याने चार्ल्स शुल्ट्झला लिहिलेलं पत्र बघा. हवी तिथे मोठी अक्षरं, विरामचिन्हं जवळजवळ नाहीतच. शाळेत जेमतेम सहा महिने काढलेला माणूस आणखी कसं लिहिणार? पण मुद्दा कुठेही घसरत नाही. आपण आशा सोडल्यात जमा आहे, आणि राष्ट्राध्यक्ष जॅक्सनचा उपराष्ट्राध्यक्ष व्हॅन ब्युरन निवडून आला तर त्याच्या ‘राज्यात’ न राहता सरळ टेक्सासच्या रानात निघून जाऊ, असं तो रोखठोक सांगतो. राष्ट्राध्यक्षाला राजा ठरवणारी ही टीका त्या काळच्या विरोधकांची मुख्य टीका होती, म्हणजे राजकारण त्याला चांगलंच कळत होतं.

त्यामागे किंमत मोजलेली होती, हेही विसरू नये. मूळ अमेरिकी जमातींना त्यांच्या जमिनींवरून पश्चिमेकडे हलवणाऱ्या १८३०च्या इंडियन रिमूव्हल कायद्याविरुद्ध मत देणारा टेनेसीचा तो एकटाच प्रतिनिधी होता, तेही जॅक्सनच्या स्वतःच्या राज्यातून! मला त्याच्याबद्दल आदर वाटतो तो यासाठी, टेक्सासमधल्या अलामोच्या लढाईसाठी नंतर.

पुढे ऑगस्ट १८३५मध्ये काँग्रेसच्या निवडणुकीत तो स्वतःच हरला आणि व्हॅन ब्युरनच्या निकालाची वाट न बघता त्याच वर्षी टेक्सासला निघाला. व्हॅन ब्युरन निवडून आला १८३६च्या अखेरीस. क्रॉकेट त्याआधीच, ६ मार्चला, अलामोत मारला गेला होता.