आई डॉक्टरांसमोर गेली की "सगळं बरंय" म्हणते, काय करू?

निफाडचा_बंड्या:
आईला 11 वर्षं शुगर आहे, दर तीन महिन्यांनी लासलगावहून नाशिकला दाखवायला नेतो. एसटीचा प्रवास, दोन तास बाकड्यावर आणि आत जेमतेम सात मिनिटं. परवा डॉक्टरांनी विचारलं "काय मावशी, कसं वाटतंय" तर ही हसून "छान आहे की"! आणि येताना स्टँडवर मला सांगते, रात्री तळपायाला मुंग्या येतात, फरशीवर पाय टेकवला की वाळूवर ठेवल्यासारखं वाटतं, दोन महिने झाले म्हणे. मग आत का नाही बोललीस, तर "ते घाईत होते रे". तुम्ही काय करता?

केसपेपरवाली:
सहा वर्षं ओपीडीच्या काउंटरला होते, हे रोजचं बघितलंय. चिठ्ठी लिहून न्या पण वाण्याच्या यादीसारखी नको, तीनच गोष्टी आणि सगळ्यात जास्त त्रासाची पहिली. "पाय दुखतात" असं मोघम नाही, कधीपासून, कुठे, कधी वाढतं ते लिहा. आणि आत गेल्यावर चप्पल-मोजे काढायला सांगा, शुगरवाल्यांचे पाय वर्षातून एकदा तरी नीट तपासून घ्यायलाच हवेत, घाईत तेच राहून जातं.

गोळीबार:
चिठ्ठी ठीक, पण पिशवी विसरू नकोस. घरातल्या सगळ्या स्ट्रिपा, काढा, चूर्ण, मेडिकलमधून परस्पर आणलेलं सगळं. "ती छोटी पांढरी गोळी" म्हणून काय कळणार, निम्म्या गोळ्या पांढऱ्याच असतात. आमच्या बाबांचं क्रिएटिनिन (किडनीच्या तपासणीतला आकडा) वाढलं, डॉक्टर कारण शोधतायत आणि हे गुडघ्यासाठी शेजारच्या काकांनी दिलेली डायक्लोफेनॅक (दुखण्यावरची गोळी, किडनीला त्रास देऊ शकते) रोज खात होते, विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही!
बाय द वे, आईला मेटफॉर्मिन (शुगरची गोळी) चालू आहे का? बरीच वर्षं घेतली की बी12 व्हिटॅमिन कमी होऊ शकतं, मुंग्या त्यानेही येतात आणि शुगरने नसा खराब झाल्या तरी येतात. मनाने इंजेक्शन नको, तपासायचं का एवढं विचार. आणि त्यासाठी तीन महिने थांबू नकोस, फोन करून लवकरची वेळ घे.

सासूबाईंची_सून:
थोडं वेगळं सांगते, राग मानू नकोस. तू शेजारी बसतोस म्हणून बोलत नसेल. आमच्या सासूबाईंना लघवीचा त्रास होता, मुलासमोर कशा सांगतील? नवऱ्याला पाणी आणायला पिटाळलं तेव्हा कुठे तोंड उघडलं.

आजीचा_नातू:
आमची आजी तर अपॉइंटमेंटच्या दोन दिवस आधी भात बंद करते, रिपोर्ट चांगला यावा म्हणून. एचबीए1सी (शुगरची रक्ततपासणी) मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशोब काढतं, ते काय असं फसतंय 😀

निफाडचा_बंड्या:
आईला वाचून दाखवलं. आधी "गावभर केलंस का" म्हणून ओरडली, मग स्वतःच डबा उपडा केला, त्यात एक एक्स्पायर झालेली स्ट्रिप आणि कुणीतरी दिलेलं बिनलेबलचं चूर्ण निघालं. मेटफॉर्मिन चालूच आहे. सोमवारची वेळ मिळाली. चिठ्ठी ती स्वतः लिहितेय, पहिला मुद्दा काय आहे ते मला दाखवत नाहीये.