[सहल] शनिवारच्या बसचं काय ते बुधवारपर्यंत ठरवा

प्रेषक: सहल समिती

मंडळी,
बसवाल्याला बुधवारी रात्रीपर्यंत पक्कं सांगायचंय, त्यानंतर तारीख हलत नाही. स्की-रिसॉर्ट शनिवारीच उघडतंय. रिपोर्टात बेस (जमिनीवर साचलेला बर्फ) ४५ सेंमी, वर नेणारी एक लिफ्ट, घसरत उतरायची एकच रन, तीही मध्यम अवघड. शिकाऊंचा उतार बंद. जायचं की दोन आठवडे पुढे ढकलायचं, एवढंच लिहा. बुटांच्या यादीचा मागचा वाद कृपया इथे नको.

प्रेषक: अप्पा

यात विचारायचं काय? ४५ सेंमी म्हणजे गुडघाभर बर्फ. जाऊ या. दरवेळी चर्चेतच सीझन संपतो.

प्रेषक: हवामानवाले दादा

अप्पा, ४५ कुठले ते आधी बघा. तो आकडा डोंगरावर एका जागी रोवलेल्या काठीवरचा असतो, आणि काठी मुद्दाम आडोशाला रोवतात. उघड्या धारेवरचा बर्फ वाऱ्याने कधीच झाडून नेलेला असतो.

दुसरं, हे ४५ आभाळातले की तोफेतले, म्हणजे पाणी फवारून बर्फ करणाऱ्या यंत्राचे? नुकताच पडलेला कोरडा बर्फ घनमीटरला १०० किलोच्या आसपास भरतो, तोफेचा ४००च्या वर. आभाळातल्या ४५ वरून ग्रूमर (बर्फ दाबून सपाट करणारं यंत्र) फिरला की उरतात अकरा-बारा सेंमी आणि त्याखाली दगड. तोफेचे असतील तर शनिवार निभेल.

आता तोफा चालणार का? नुसत्या तापमानावर जाऊ नका, वेट बल्ब बघा, म्हणजे ओल्या कापडात गुंडाळलेल्या तापमापकाचा आकडा. तो उणे अडीचच्या आसपास उतरला की काम सुरू होतं. हवा कोरडी असेल, आर्द्रता ३० टक्के, तर साधा तापमापक अधिक २ दाखवत असतानाही वेट बल्ब तिथवर येतो. उलट शून्य अंशाला ९० टक्के आर्द्रता असली तर तो जेमतेम उणे अर्ध्यावर घुटमळतो, आणि तोफेतून नुसता चिखल पडतो. मंगळवार-बुधवार ढगाळ आहे. आकाश मोकळं होणार गुरुवारी. म्हणजे आपल्याला ठरवायचंय बुधवारी, आणि खरा बर्फ तयार होणार त्याच्या दुसऱ्या रात्री. अडचण ही आहे.

प्रेषक: माई

दादा, सगळं समजलं नाही, पण वेबकॅम मीही बघते. पायथ्याला पांढरं आहे, वर शिखराकडेही पांढरं आहे, मधे तपकिरी पट्टा आहे. असं कसं? वर तर जास्त थंड हवं ना?

प्रेषक: हवामानवाले दादा

माई, बरोबर टिपलंत. एरवी हजार मीटर चढलं की साडेसहा अंश उतरतात. पण वारा नसलेल्या, निरभ्र रात्री थंड हवा जड होऊन दरीत साचते आणि मधला उतार पायथ्यापेक्षा उबदार राहतो. तिथे तोफा बंद, खाली चालू. तपकिरी पट्टा भरला नाही तर वरून खालपर्यंत उतरता येणार नाही, परतताना लिफ्टनेच खाली यावं लागेल. गुरुवारी थोडा वारा सुटला आणि हवा ढवळली गेली तर पट्टा भरेल.

प्रेषक: नाना

मी सहल बघत होतो तेव्हा लोक एका मेलवर हो म्हणायचे. तेव्हा वेट बल्ब नव्हता आणि कोणाचं अडतही नव्हतं. असो. मुद्दा असा की एकच रन असताना स्नोबोर्डवाले तिच्या मधोमध बैठक मारतात आणि आम्हा स्कीवाल्यांना वळसे घालत उतरावं लागतं. अमेरिकेत आल्टा, डिअर व्हॅली आणि मॅड रिव्हर ग्लेन या रिसॉर्टांत आजही बोर्ड चालत नाही, ते उगाच नाही.

प्रेषक: धाकटा

नाना, बोर्ड १९९८ला नागानोत ऑलिंपिकमध्ये गेला, आता सोडा की. आम्ही बसतो ते बाइंडिंग (बूट बोर्डला जखडणारे पट्टे) लावायला, तेही कडेला. आणि रन एकच असली तरी वरच्या वाडग्यात, म्हणजे खोलगट उतारावर, मस्त पावडर (भुसभुशीत बर्फ) दिसतेय. हद्दीच्या दोरीखालून पाच मिनिटांची चाल आहे. आम्ही तिघं-चौघं तिकडे जाऊ, गर्दीही कमी होईल.

प्रेषक: हवामानवाले दादा

धाकट्या, अजिबात नाही. पातळ बर्फ हाच तिथला धोका आहे. खाली जमीन शून्य अंशाच्या जवळपास, वर रात्रीची हवा कडाक्याची. पृष्ठभाग उणे १० आणि खोली ४० सेंमी धरली तर मीटरमागे २५ अंशांचा फरक पडतो. मीटरमागे १०च्या वर गेलं की तळाचे कण एकमेकांना धरून राहायचं सोडतात. मुठीत घेऊन दाबलेस तरी गोळा होत नाही, बोटांतून खडीसाखरेसारखे ओघळतात. मग त्यावर वाऱ्याने आणून टाकलेला घट्ट थर बसतो. वरून जो दिसतो तो हाच थर, आणि तो या सुट्या कणांवर टेकलेला असतो. तीस ते पंचेचाळीस अंशांचा उतार असला की अॅव्हलांचला (बर्फाचा लोंढा कोसळायला) आणखी काही लागत नाही. दोरीपलीकडे रिसॉर्टच्या गस्तवाल्यांनी धोक्याचा बर्फ आधीच पाडून मोकळं केलेलं नसतं. आणि थर नाही सुटला तरी झाडांची खोडं नि दगड तेवढ्या बर्फाखाली लपलेत, दिसणार नाहीत.

अॅव्हलांचच्या धोक्याची पातळी पाचपैकी तीन म्हणजे मध्यम असं समजू नकोस. स्वित्झर्लंडमध्ये सर्वांत जास्त माणसं तिसऱ्या पातळीलाच दगावली आहेत.

प्रेषक: अप्पा

धाकट्याला सांगितलंत ते बरं झालं. पण बसचं राहिलं. माझा जुना बोर्ड न्यावा की नवा?

प्रेषक: माई

अप्पा, जुना. तोफेचा बर्फ खरखरीत असतो, बोर्डच्या तळाचं वॅक्स दुपारपर्यंत घासून जातं. कडक, थंडीचं वॅक्स लावा. तळाला दगडाने चरा पडला तर पीटेक्सने (वितळवून भरायच्या प्लास्टिकने) भरता येतो, गाभा उघडा पडला तर मात्र दुरुस्तीवाल्याकडेच न्यावा लागतो. आणि नव्यांना मनगटाचे गार्ड सक्तीचे करा. पहिल्यांदा बोर्डवर उभा राहिलेला माणूस पडताना हात टेकतोच, आणि मोडतं ते मनगट. आमच्याकडे प्लास्टर झालेलं आहे.

आणखी एक. एकाच रनवर सगळे आले की अकरानंतर मधला बर्फ खरवडून कडेला ढीग होतो नि मधे नुसती चकाकणारी काच उरते. पहिल्या लिफ्टला पोहोचत नसू तर जाण्यात अर्थ नाही.

प्रेषक: सहल समिती

सगळ्यांचं वाचलं. निर्णय:
बस शनिवारीच, पण पहाटेची. ज्यांना दोन्ही एजवर (कडांवर) वळता येतं आणि मध्यम उतारावर थांबता येतं त्यांनीच यायचं. पहिल्यांदा येणारे आणि मुलं शिकाऊंचा उतार उघडल्यावर, वेगळ्या तारखेला. तपकिरी पट्टा भरला नाही तर उतरताना लिफ्ट, त्यावर कुरकुर चालणार नाही. दोरीपलीकडे कोणी गेलं तर पुढची सहल विसरायची. धाकटा, वाचलंस ना?

प्रेषक: नाना

योग्य निर्णय. वळता येतं की नाही हे बघायला लिफ्टच्या तोंडाशी मी उभा राहतो.

प्रेषक: धाकटा

नाना, तुम्ही स्कीवर. हीलसाइड (टाचेकडची कड) कशी तपासणार?

प्रेषक: नाना

पडलास की कळेल.

प्रेषक: सहल समिती

तपासणी वगैरे काही नाही, ज्याने त्याने प्रामाणिकपणे लिहायचं. बुधवारी संध्याकाळी सातपर्यंत नाव आणि पायाची लांबी सेंमीमध्ये कळवा, बुटांचा भाड्याचा नंबर त्यावरच ठरतो. नेहमीच्या चपलेचा नंबर पाठवू नका. अप्पा, हे तुम्हाला.