मदत हवी आहे: उपग्रह प्रतिमेत पडीक जमीन आणि बांधकाम वेगळे कसे करावे?

सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांच्या बहुवर्णपटीय (प्रकाशाच्या अनेक तरंगलांबी-पट्ट्यांत टिपलेल्या) प्रतिमांवरून मी भूआच्छादनाचा नकाशा तयार करत आहे. पाणी, जंगल आणि उभी पिके समाधानकारकपणे वेगळी होतात. अडचण आहे ती उघडी पडीक जमीन आणि बांधकाम यांची. कोरड्या हंगामात हे दोन्ही वर्ग लघुतरंग अवरक्त पट्ट्यांत जवळजवळ सारखेच उजळ दिसतात, त्यामुळे नांगरून ठेवलेली शेते सरळ वस्ती म्हणून नोंदली जातात.

प्रतिमा वातावरणीय दुरुस्ती केलेल्या, म्हणजे लेव्हल-२ए आहेत, ढग व त्यांच्या सावल्या वगळल्या आहेत आणि २० मीटर विभेदनाचे पट्टे १० मीटरवर आणले आहेत. एनडीव्हीआय (हिरवाईचा निर्देशांक) व एनडीबीआय (बांधकामाचा निर्देशांक) जोडून रँडम फॉरेस्ट (अनेक निर्णयवृक्षांच्या मतांवर आधारित) पद्धतीने वर्गीकरण केले. पण एनडीबीआयचा उपयोग झाला नाही, कारण कोरड्या मातीलाही तो बांधकामाइतकेच मूल्य देतो. एकूण अचूकता चांगली दिसते खरी, पण ती पाणी आणि जंगल यांच्या जोरावर. प्रशिक्षणाचे आणि पडताळणीचे नमुने वेगवेगळ्या बहुभुजांतून (नकाशावर आखलेल्या क्षेत्रांतून) घेतले आहेत, तेव्हा दोष तिथे नसावा.

स्थळपाहणी शक्य नाही आणि विकतच्या प्रतिमाही घेता येणार नाहीत. अशा स्थितीत वर्षभरातील प्रतिमा एकत्र करून हंगामी बदलाचा आधार घ्यावा (शेत कधीतरी हिरवे होते, छप्पर होत नाही), की सेंटिनेल-१ या रडार उपग्रहांचे पट्टे जोडावेत? आणि पहिला मार्ग योग्य असल्यास, एनडीव्हीआयचे वार्षिक कमाल मूल्य व चढउतार एवढेच पुरेल, की दरमहाची मध्यक प्रतिमा (त्या महिन्यातील मधल्या मूल्यांची) लागेल?