सिंहगड रोड: उमेदवाराच्या पत्रकातलं नगरसेवकाच्या हातात नेमकं किती?

मुठाकाठ
मंडळी 15 जानेवारी 2026 ला पुणे महापालिकेचं मतदान आहे आणि एका उमेदवाराचं चार पानी गुळगुळीत पत्रक दारात येऊन पडलंय. पूररेषेतल्या जुन्या सोसायट्यांचा पुनर्विकास मार्गी लावणार, नदीकाठ हिरवागार करणार, चौकाचौकात सीसीटीव्ही आणि कोयता गँगचा बंदोबस्त, असं सगळं एकाच दमात. आमची बिल्डिंग एकतानगरीच्या बाजूची, 25 जुलै 2024 च्या पुराच्या पाण्याची रेघ पार्किंगच्या भिंतीवर अजून दिसते, रंग मारला तरी ओल लागली की वर येते. त्यामुळे पुनर्विकास म्हटलं की सगळ्यांचे कान टवकारतात. पक्षाचं सोडा, ते इथे काढू नका प्लीज. मला एवढंच विचारायचंय की यातलं नगरसेवक खरंच काय करू शकतो? रविवारी स्वारी सोसायटीत येतेय, समोरासमोर काय विचारावं?

जुना_आराखडा
पुनर्विकासाचं आधी. नदी ते निळी रेषा (25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी) या पट्ट्यात नवीन बांधकामाला बंदी आहे, पण आधीपासूनची अधिकृत इमारत असेल तर लाल रेषेच्या (100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या) पातळीपासून 0.45 मीटर वर उचलून पुनर्विकासाला परवानगी देता येते, हे 2020 च्या यूडीसीपीआरमध्येच, म्हणजे राज्याच्या बांधकाम नियमावलीतच आहे. तो नियम राज्याच्या नगरविकास खात्याचा, महापालिका मुख्य सभेत ठराव करून फार तर शिफारस पाठवेल. खरी गोम अशी की बिल्डर येतो जादा एफएसआय (प्लॉटवर किती बांधता येतं ते प्रमाण) असेल तर, आणि पूरपट्ट्यात तो वाढवायचा म्हणजे नदीच्या अंगावर अजून माणसं आणून बसवायची. तेव्हा "मार्गी लावणार" म्हणजे काय ते विचारा. जादा एफएसआय मागणार, की टीडीआर (दुसऱ्या जागी वापरता येणारा बांधकामाचा हक्क) देऊन लोकांना दुसरीकडे हलवणार? दोन्हीला हो म्हणाला तर समजून जा 😄

कात्रजकर
@जुना_आराखडा बरोबर, पण लोकांनी तोवर काय करायचं, दर पावसाळ्यात मीटरची पेटी एक फूट वर सरकवायची?? 2019 च्या सप्टेंबरात आंबिल ओढ्याने काय केलं ते आम्ही बघितलंय, नदी तर लांबच, साधा ओढा होता तो, रात्रीतून माणसं गेली गाड्या गेल्या, आणि कारण काय तर ओढ्याचं पात्र आवळलेलं आणि कल्व्हर्ट तुंबलेले. हे काम मात्र पूर्णपणे महापालिकेचं आहे. पावसाळी गटारं मे महिन्यात साफ झाली का, नदीपात्रात राडारोडा टाकणाऱ्या डंपरवर कारवाई झाली का, हे नगरसेवकाने रोज क्षेत्रीय कार्यालयात जाऊन डोकं खाल्लं तर होतं. एफएसआयच्या गप्पा आमदाराला मारू देत.

वडाचं_पान
नदीकाठ "हिरवागार" वाचून हसू आलं. मुळा-मुठेचा 44 किलोमीटरचा नदीकाठ प्रकल्प आधीच सुरू आहे आणि त्यात बांध घालून पात्र अरुंद होतं की नाही यावरच वाद पेटलाय. उमेदवाराला हो की नाही एवढंच विचारा, तुमचा पाठिंबा आहे का, आणि आपल्या प्रभागात झाडं तोडायचा प्रस्ताव आला तर काय करणार. झाडावर नोटीस लावून हरकती मागवतात तेव्हा किती नगरसेवक हरकत घेतात सांगा बरं. रोपं लावून फोटो काढणं सोपं असतं हो, उन्हाळ्यात टँकर कोण पाठवतं?

मुठाकाठ
बाप रे, चांगलंच आलं की. आणि सुरक्षेचं काय, आमच्याकडच्या बायकांचा सगळ्यात जास्त भर त्याच्यावर आहे.

रातराणी७
पोलीस राज्याच्या गृहखात्याकडे, नगरसेवक त्यांना आदेश देऊ शकत नाही, कोयता गँगचं आश्वासन म्हणजे दुसऱ्याच्या शेतातल्या उसाचा रस वाटणं. पण स्ट्रीटलाइट महापालिकेचे आहेत! मी कालव्याकडच्या रस्त्याने क्लासवरून परत येते तिथे खांब आहे, दिवा आहे, उजेड नाही, कारण फांद्यांनी झाकलाय. मला कॅमेरा नको, ती फांदी छाटा आणि फुटपाथवरच्या बंद पडलेल्या गाड्या उचला. आणि कॅमेरे लावणारच असाल तर फूटेज कोण बघणार, दुरुस्तीचे पैसे कुठून, हे आधी सांगा.

जुना_आराखडा
पैशांवरून आठवलं, 'स' यादी विचाराच, म्हणजे बजेटमधला प्रभागातल्या कामांचा नगरसेवक निधी. नगरसेवकाच्या हातातला खरा पैसा तो, आणि तो बाकडी, कापडी पिशव्या आणि चांगले असलेले पेव्हर ब्लॉक उखडण्यात जातो. मार्च 2022 पासून नगरसेवक नव्हते, प्रशासक होता, त्यामुळे तेही बंद होतं, पण उमेदवार माजी असेल तर आधीचा हिशोब मागा. आणि एका प्रभागात चार जण आहेत, निवडून आल्यावर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो, त्यामुळे गटार कोणाचं, दिवे कोणाचे, हे आत्ताच चौघांकडून कागदावर घ्या.

मुठाकाठ
ठीक, रविवारी चारच प्रश्न ठेवतो: एफएसआय की टीडीआर, मे महिन्यातली गटारं, बंद दिवे, 'स' यादी. आमचे सेक्रेटरी काका म्हणतायत चहा आधी द्यायचा नाही, उत्तरं झाल्यावर द्यायचा. कोणाकडे या भागाचा पूररेषेचा नकाशा असेल तर टाका, प्रिंट काढून भिंतीवर लावतो.