न्यू जर्सीतील घर कायम ठेवून फ्लोरिडाचे रहिवासी होणे योग्य आहे का?

(चर्चेतील सहभागी टोपणनावांनी लिहीत आहेत.)

रॅरिटनकाठ

अमेरिकेच्या ईशान्य भागात तीस-पस्तीस वर्षे काढलेली अनेक मराठी कुटुंबे आता निवृत्त होत आहेत. एडिसन किंवा प्रिन्स्टनकडील राहते घर तसेच ठेवावे, टँपा किंवा ऑरलँडोच्या बाजूला दुसरे घर घ्यावे आणि प्राप्तिकरासाठी स्वतःची नोंद फ्लोरिडाचे रहिवासी म्हणून करावी, असा सल्ला त्यांना सर्रास दिला जातो, कारण फ्लोरिडात व्यक्तीच्या उत्पन्नावर राज्याचा कर नाही. ज्यांचे जगणे प्रत्यक्षात न्यू जर्सीत आहे त्यांनी कागदोपत्रीही तिथलेच राहावे, असे माझे मत आहे.

‘१८३ दिवस राज्याबाहेर राहिले की काम झाले’ ही समजूत अपुरी आहे. दिवसांची ती मोजणी ज्यांचा कायदेशीर अधिवास (म्हणजे माणूस ज्याला आपले कायमचे घर मानतो ते ठिकाण) दुसऱ्या राज्यात आहे पण ज्यांचे कायमस्वरूपी घर न्यू जर्सीत आहे, अशांसाठी आहे. ज्याचा अधिवास मुळात न्यू जर्सीचा आहे, तो तिथे किती दिवस राहिला यावर त्याचे रहिवासी असणे सहसा अवलंबून नसते. त्याला सूट हवी असेल तर न्यू जर्सीत कायमचे घर नसणे, बाहेर कायमचे घर असणे आणि वर्षभरात न्यू जर्सीत ३० दिवसांहून अधिक मुक्काम नसणे, या तिन्ही अटी एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात. घर ठेवले की पहिलीच अट मोडते. मग उरतो एकच मार्ग, तो म्हणजे अधिवास खरोखर बदलल्याचे सिद्ध करण्याचा, आणि ते ओझे बदल झाला असे म्हणणाऱ्याच्या खांद्यावर असते.

शिवाय मध्यम उत्पन्नाच्या जोडप्याची बचत बहुधा वाटते तितकी नसते. न्यू जर्सी सोशल सिक्युरिटीच्या, म्हणजे संघराज्याकडून मिळणाऱ्या निवृत्तिलाभाच्या, रकमेवर कर लावत नाही. बासष्टी ओलांडलेल्या, एकत्र विवरणपत्र भरणाऱ्या जोडप्याचे एकूण उत्पन्न १,००,००० डॉलरच्या आत असेल, तर निवृत्तिवेतनाचे तेवढे उत्पन्न करमुक्त धरले जाते आणि १,५०,००० डॉलरपर्यंत अंशतः सवलत मिळते. घरपट्टी तर घर आहे तोवर द्यायचीच आहे. उलट ज्येष्ठांसाठी घरपट्टीची वाढ परत देणारी सीनियर फ्रीझसारखी योजना ते घर मुख्य निवासस्थान राहिले नाही की हातची जाते.

तिसरा प्रहर

आपल्या मताचा आदर राखून मी पूर्ण असहमती नोंदवते. कोणत्या राज्याला आपले म्हणायचे हे ठरवण्याचा अधिकार कायद्याने नागरिकाला दिलेला आहे आणि तो वापरणे म्हणजे लबाडी नव्हे. १९९६ साली संघराज्याच्या कायद्यानेच असे ठरवले की, राज्य सोडून गेलेल्या माणसाच्या निवृत्तिवेतनावर, ४०१के आणि आयआरए या निवृत्तीसाठीच्या बचतखात्यांतील रकमेवर जुन्या राज्याला कर लावता येणार नाही. त्याआधी काही राज्ये, माणूस निघून गेला तरी, ‘ही कमाई आमच्याकडे झाली’ म्हणून कर मागत असत. म्हातारपणी माणसाने स्थलांतर करावे आणि त्याच्यामागे जुना वसुलीदार लागू नये, हे देशाने विचारपूर्वक मान्य केले आहे.

फ्लोरिडाही या स्थलांतराला लपवाछपवी मानत नाही. तिथे सर्किट कोर्टाच्या क्लार्ककडे अधिवासाचे शपथपत्र नोंदवता येते. त्यासोबत वाहन परवाना आणि मतदार नोंदणी बदलावी, होमस्टेडची, म्हणजे मुख्य निवासस्थानासाठीची, घरपट्टीतील सवलत मागावी. त्या सवलतीने घराच्या करपात्र मूल्यातून सुमारे ५०,००० डॉलरपर्यंत वजावट मिळते आणि त्याहून मोलाचे म्हणजे करासाठी धरल्या जाणाऱ्या मूल्याची वार्षिक वाढ ३ टक्के किंवा महागाईचा दर, यांपैकी जे कमी असेल त्यावर थांबते.

जिथे आयुष्य घडले त्या राज्याचे आपण देणे लागतो, हा कृतज्ञतेचा मुद्दा आपण थेट मांडला नाही, पण तो या चर्चांमध्ये नेहमी असतो, म्हणून लिहिते. न्यू जर्सीतील घरपट्टी देशातील सर्वाधिक घरपट्ट्यांपैकी आहे आणि तिचा मोठा वाटा शाळांवर खर्च होतो. आमची मुले शाळेतून बाहेर पडून कितीतरी वर्षे झाली, तरी आम्ही ती आनंदाने भरली आणि घर ठेवले तर यापुढेही भरू. राज्याचे देणे बुडवून कोणी जात नाही.

आणखी एक गोष्ट मराठी कुटुंबांनी विशेष लक्षात घ्यावी. न्यू जर्सीचा इस्टेट टॅक्स, म्हणजे मृताच्या एकूण मालमत्तेवरचा कर, २०१८ पासून रद्द झाला असला, तरी वारसाला मिळणाऱ्या वाट्यावरचा वारसा कर चालू आहे. पती-पत्नी, मुले आणि नातवंडे यांना तो लागत नाही, पण न्यू जर्सीच्या रहिवाशाने बहिणीला किंवा भावाला काही ठेवले, तर पहिल्या २५,००० डॉलरनंतर ११ टक्क्यांपासून कर सुरू होतो आणि भाचा-पुतण्यांना तर १५ टक्क्यांपासून. ज्यांना मूलबाळ नाही आणि ज्यांची सारी आशा पुण्यातील भाचीवर किंवा सांगलीतील धाकट्या भावावर आहे, अशी जोडपी आपल्यात आहेत. मृत्यूसमयी ते फ्लोरिडाचे रहिवासी असतील तर न्यू जर्सीचा हा कर केवळ तिथल्या जमीनजुमल्यावर आणि वस्तूंवर लागेल, बँकेतील ठेवींवर आणि समभागांवर नाही.

जमाखर्च

माझा व्यवसाय करविवरणपत्रे भरण्याचा आहे आणि दोन्ही बाजूंचे ग्राहक मी पाहिले आहेत. इथे वाद नीतीचा कमी आणि पुराव्याचा जास्त आहे.

आधी उत्पन्नाचे स्वरूप पाहावे. घरभाडे आणि घरविक्रीचा नफा यांवर घर ज्या राज्यात उभे आहे ते राज्य कर घेणारच, मालक कुठलाही असो. नोकरीचे वेतन सर्वसाधारणपणे काम जिथे केले तिथे करपात्र होते. अधिवास बदलल्याने वाचतो तो कर व्याज, लाभांश, समभागांचा नफा आणि निवृत्तिखात्यांतून काढलेल्या रकमा यांवरचा. ही रक्कम मोठी असेल तरच खटाटोप सार्थकी लागतो. न्यू जर्सीचा सर्वोच्च दर १०.७५ टक्के आहे, पण तो दहा लाख डॉलरपुढील उत्पन्नाला लागतो, हेही विसरू नये.

ज्यांनी मुलांसाठी मॅनहॅटनमध्ये फ्लॅट घेतला आहे, त्यांनी अधिक सावध असावे. न्यू यॉर्कमध्ये कायमचे राहण्याजोगे घर वर्षाचा बहुतेक काळ ताब्यात असेल आणि १८३ दिवसांपेक्षा अधिक दिवस त्या राज्यात गेले असतील, तर अधिवास कुठेही असला तरी न्यू यॉर्क तुम्हाला रहिवासी धरते. दिवसाचा एखादा तास जरी तिथे काढला, तरी मोजणीत तो पूर्ण दिवस ठरतो. केवळ प्रवासात राज्य ओलांडणे किंवा रुग्णालयात दाखल असणे असे थोडेच अपवाद आहेत. अधिवासाबाबत तिथले करखाते पाच गोष्टी तपासते: घरे, व्यवसायातील सहभाग, वेळ, जिव्हाळ्याच्या वस्तू आणि कुटुंब. न्यू यॉर्कचा फ्लॅट न सोडता डॅलसला गेलेल्या एका कंपनी अधिकाऱ्याच्या बाजूने २०१७ साली निर्णय लागला, त्यात त्याने आपला कुत्रा डॅलसला नेला ही बाब निर्णायक मानली गेली. तसेच २०२२ साली न्यू जर्सीच्या एका रहिवाशाला अपील न्यायालयाने दिलासा दिला, कारण न्यू यॉर्कच्या उत्तरेकडील सुट्टीच्या घरात तो वर्षाकाठी जेमतेम दोन-तीन आठवडे राहत असे. मात्र हे दोन्ही विजय वर्षानुवर्षांच्या कागदपत्रांवर मिळाले, हेतूच्या घोषणेवर नव्हेत.

होमस्टेडबद्दल एक इशारा देतो. दुसऱ्या राज्यात मुख्य निवासस्थान असल्याची करसवलत चालू ठेवून फ्लोरिडाचीही घेतली, तर फ्लोरिडा मागील १० वर्षांपर्यंतची सवलत वसूल करू शकते, वर ५० टक्के दंड आणि दरसाल १५ टक्के व्याज लावते. अनेकदा यात हेतू वाईट नसतो. जुन्या राज्याला कळवायचे राहून गेलेले असते.

उंबरठा

करखात्याच्या तपासणीपेक्षा मला मृत्यूनंतरचा गोंधळ अधिक भयंकर वाटतो, कारण तेव्हा हेतू सांगायला माणूसच उरलेला नसतो. कॅम्पबेल सूप कंपनीचे जॉन डॉरन्स १९३० साली वारले. त्यांचे एक घर न्यू जर्सीत सिनामिन्सन येथे होते आणि दुसरे पेनसिल्व्हेनियात रॅडनर येथे. पेनसिल्व्हेनियाच्या न्यायालयांनी त्यांचा अधिवास पेनसिल्व्हेनियाचा ठरवला, न्यू जर्सीच्या न्यायालयांनी न्यू जर्सीचा, आणि दोन्ही राज्यांनी कोट्यवधी डॉलरचा वारसा कर वसूल केला. एडवर्ड ग्रीन या धनाढ्य गृहस्थांच्या १९३६ मधील मृत्यूनंतर तर टेक्सस, फ्लोरिडा, न्यू यॉर्क आणि मॅसॅच्युसेट्स अशा चार राज्यांनी हक्क सांगितला. संघराज्याचा कर धरून साऱ्या मागण्यांची बेरीज मालमत्तेहून अधिक होऊ लागली, म्हणून १९३९ साली सर्वोच्च न्यायालयाने निवाडा करून मॅसॅच्युसेट्सच्या बाजूने कौल दिला.

आपल्याजवळ त्यांची संपत्ती नाही हे खरे, पण संदिग्धता तीच आहे. फ्लोरिडाला जायचे तर न्यू जर्सीचे मोठे घर विकून टाकावे, आणि नातवंडांसाठी पाय ठेवायला जागा हवीच असेल तर उन्हाळ्यात भाड्याने घ्यावी, असे मला ठामपणे वाटते.

तिसरा प्रहर

डॉरन्स यांचे उदाहरण माझ्या बाजूचे आहे. शेवटची काही वर्षे ते कुटुंबासह रॅडनरला राहत होते आणि कागदोपत्री मात्र न्यू जर्सीचे राहू पाहत होते. मी सुचवते आहे ते याच्या उलट: आधी खरोखर राहायला जावे आणि मग त्याला साजेसे कागद करावेत. घर विकण्याची सक्ती मला मान्य नाही. मुले ज्या अंगणात वाढली ते घर विकणे हा केवळ कराचा निर्णय नसतो, आणि कायदाही दुसरे घर ठेवण्यास मनाई करत नाही.

रॅरिटनकाठ

कायदा मनाई करत नाही, हे मान्य. माझा आक्षेप ज्यांचे डॉक्टर, देवघर, गणेशोत्सवातील जबाबदारी, नातवंडांना शाळेतून आणणे आणि महाराष्ट्र मंडळातील शनिवार हे सारे न्यू जर्सीतच राहणार आहे, त्यांच्या फ्लोरिडावासी होण्याला आहे. आपण स्वतः तिथे खरोखर राहायला जाणार असाल, तर आपल्याशी माझा वाद उरत नाही. मात्र मग हिवाळ्यातील चार महिन्यांना स्थलांतर म्हणू नये.

जे जाणारच आहेत त्यांनी मृत्युपत्र फ्लोरिडाच्या कायद्यानुसार तपासून घ्यावे, न्यू जर्सीतील सवलतींचे अर्ज थांबवावेत आणि स्थलांतराच्या वर्षी तिथे अंशकालीन रहिवाशाचे विवरणपत्र भरावे. त्यापुढे त्या घराचे भाडे येत असेल, तर दरवर्षी अनिवासी म्हणून विवरणपत्र भरत राहावे लागेल.