फुटबॉलमधला 'वेळकाढूपणा': कुठे कुठला शब्द?

सांगलीहून, चर्चेची सुरुवात

आमच्या भागातल्या क्रीडाशिक्षकांसाठी फुटबॉलच्या नियमांची मराठी टिपणं लिहितो आहे. गोलरक्षकानं चेंडू किती वेळ हातात ठेवायचा याचा नियम 2025 मध्ये बदलला, म्हणून ते पान नव्यानं लिहायला घेतलं आणि पहिल्याच वाक्याला अडलो. पुढे असलेला संघ मुद्दाम खेळ लांबवतो, त्याला म्हणायचं काय? हाताशी शब्द पुष्कळ आहेत: वेळकाढूपणा, दिरंगाई, चालढकल, टंगळमंगळ, वेळ दवडणे, वेळ मारून नेणे, टाइमपास. वरवर पाहता कुठलाही चालेल असं वाटतं, पण वाक्यात घालून पाहिले की एकेक गळायला लागतो.

दिरंगाई आळसानं होते किंवा ढिल्या कारभारानं. फाइल टेबलावर पडून राहिली की दिरंगाई. पण 88व्या मिनिटाला गोलरक्षक गोल किकसाठी चेंडू ठेवतो, उचलतो, दुसऱ्या बाजूला नेऊन ठेवतो, मोजे वर ओढतो, त्यात आळस कुठे आहे? तो चांगला कामात आहे. चालढकल म्हणजे आजचं उद्यावर. टंगळमंगळ करणाऱ्याला मुळात कामच नको असतं. 'वेळ दवडला' म्हणताना हळहळ असते, कारण नुकसान दवडणाऱ्याचंच होतं. इथे तर फायदा त्याचा आणि नुकसान समोरच्याचं.

उरतो वेळकाढूपणा, आणि माझा कल तिकडेच आहे. पण दोन शंका. 'माझ्यासाठी थोडा वेळ काढ' हे आपण जिव्हाळ्याच्या माणसाला म्हणतो, मग तोच 'वेळ काढणे' इथे दोष कसा होतो? आणि 'वेळखाऊ' का चालू नये?

पुण्याहून

'काढणे' दोन जातींचं आहे. सवड काढणे यात वेळ कशातून तरी बाहेर काढलेला असतो, विहिरीतून पाणी काढावं तसा कामाच्या रगाड्यातून. दुसरं 'काढणे' हे दिवस काढणे, रात्र काढणे, वनवास काढणे यातलं. 'पावसाळा गळक्या छपराखाली काढला' म्हणतो तेव्हा अर्थ असतो, कसाबसा पार पाडला. एका गोलनं पुढे असलेल्या संघाची शेवटची दहा मिनिटं या दुसऱ्या जातीची असतात. समोरून हल्ल्यावर हल्ले येतात आणि यांना फक्त घड्याळ पलीकडे पोचायला हवं असतं. ते वेळ काढत असतात. तेव्हा शब्द अगदी नेमका बसतो. शिवाय 'वेळकाढू' या विशेषणात सवडीचा अर्थ उतरलेलाच नाही. तुमच्यासाठी धावून येणाऱ्या मित्राला तुम्ही 'वेळकाढू मित्र' म्हणणार नाही.

वेळखाऊ मात्र कामाला लागतं, माणसाला नाही. व्हिडिओ पाहून निर्णय देणं वेळखाऊ, खेळाडू वेळकाढू. पहिल्यात हेतू नाही, दुसऱ्यात आहे. हा फरक टिपणांत जपाच, कारण तो नियमांतही आहे. सातव्या नियमाप्रमाणे बदली खेळाडू, दुखापत, व्हिडिओ तपासणी, गोलनंतरचा जल्लोष आणि वेळकाढूपणा या सगळ्यांत गेलेला वेळ पंच भरून देतो. पण व्हिडिओ तपासणीला चार मिनिटं लागली म्हणून कुणाला पिवळं कार्ड दाखवत नाहीत. खेळ पुन्हा सुरू करायला मुद्दाम उशीर केला, तर दाखवतात.

आता 'वेळ मारून नेणे'. इथे लिंगाकडे लक्ष द्या. कालावधी या अर्थी वेळ पुल्लिंगी: खूप वेळ गेला, थोड्या वेळानं येतो. ठरलेला क्षण किंवा प्रसंग या अर्थी ती स्त्रीलिंगी: जेवायची वेळ झाली, वेळेवर ये. आपण 'वेळ मारून नेली' म्हणतो, 'नेला' म्हणत नाही. म्हणजे तिथे प्रसंग निभावलेला असतो, बहुतेकदा काहीतरी सबब सांगून. पायात गोळा आल्याचं सांगून गोलरक्षक खाली बसतो, पंच विचारायला येतो तेव्हा तो वेळ मारून नेतो. त्यातून संघानं वेळ काढला. एकाच वाक्यात दोन्ही येऊ शकतात, पण एकाच्या जागी दुसरा नको.

कोल्हापूरहून

पुस्तकात वेळकाढूपणा लिहा, माझी हरकत नाही. पण शाहू स्टेडियमच्या कट्ट्यावर तो शब्द कधी ऐकू येत नाही. तिथं 'आवर की रं' येतं, 'टाइमपास लावलाय नुसता' येतं, आणि पंचाला उद्देशून 'घड्याळ बघा, घड्याळ' येतं. टाइमपास हा मुळात मौजेचा शब्द, शेंगा खात बसण्याचा. पण 'लावलाय' जोडला की त्याला राग चढतो. क्रियापदानं शब्दाचा चेहरा बदलतो, हे टिपून ठेवण्यासारखं आहे.

एक डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. आमच्या पेठेचा संघ एका गोलनं मागं होता. मी गोलच्या मागंच उभा. समोरच्या गोलरक्षकानं चेंडू पोटाशी धरला, गुडघ्यावर बसला, उठला, दोन पावलं चालला, सगळ्यांना पुढं जायची खूण केली, आणि मग चेंडू काखेत धरून बुटाची नाडी सोडली. सुटली नव्हती, त्यानं सोडली. मग सावकाश बांधली. मी मोठ्यानं आकडे मोजत होतो, एकोणीसपर्यंत पोचलो. पंच हातानं 'चल, चल' करत राहिले, शिट्टी काही वाजली नाही. ती सुटलेली नाडी मला अजून दिसते. आमच्या पोरांनी ऐंशी-नव्वद मिनिटं ऊर फुटेस्तोवर धावायचं आणि त्याचं मोल एका नाडीनं ठरायचं, हे मला फार लागलं.

बदली होऊन बाहेर जाणाऱ्या खेळाडूसाठी आमच्याकडं 'रमतगमत' आहे. मैदानाच्या पलीकडच्या टोकाहून टाळ्या वाजवत, हात मिळवत रमतगमत यायचं. 2019 पासून जवळात जवळच्या रेषेवरून बाहेर पडायचा नियम आला, तेव्हापासून ते पुष्कळ कमी झालं.

'रडीचा डाव' कुणी सुचवेल, पण तो नको. रडीचा डाव म्हणजे हरायला लागलेल्यानं खोटंनाटं भांडून डाव मोडणं. पुढं असलेल्याचा वेळकाढूपणा त्याच्या बरोबर उलट.

म्युनिकहून

इथे स्टेडियममध्ये बसलं की जर्मन शब्द लगेच कानावर पडतो: 'त्साइटश्पील'. त्साइट म्हणजे वेळ, श्पील म्हणजे खेळ. चेंडूशी न खेळता वेळेशी खेळणं. फ्रेंचमध्ये 'घड्याळ खेळणे' अशा अर्थाचा वाक्प्रचार आहे. ब्राझीलमध्ये म्हणतात 'फाझेर सेरा', शब्दशः मेण करणे. माझ्या ब्राझिली सहकाऱ्यानं तो पहिल्यांदा वापरला तेव्हा मला तो खेळाडू मेणासारखा घट्ट होत चाललेला दिसला. व्युत्पत्ती काहीही असो, चित्र मनात बसलं. इटालियनमध्ये 'मेलिना' आहे, आपापसात चेंडू फिरवत ठेवून समोरच्याला हात लावू न देणं.

हा शेवटचा शब्द मुद्दाम आणला. चेंडू खेळात ठेवून वेळ काढणं आणि खेळ बंद पाडून वेळ काढणं यांना आपण एकच नाव देऊ नये. कॉर्नरच्या झेंड्यापाशी चेंडू अडवून उभा राहणारा फॉरवर्ड कुठलाही नियम मोडत नाही, त्याच्याकडून चेंडू हिसकावून घ्यायला तुम्ही मोकळे आहात. नाडी बांधणाऱ्याकडून काय हिसकावणार?

याचं टोक म्हणजे 25 जून 1982 चा स्पेनमधल्या हिहोनचा सामना. विश्वचषकाच्या गटातला शेवटचा, पश्चिम जर्मनी विरुद्ध ऑस्ट्रिया. दहाव्या मिनिटाला जर्मनीच्या ह्रुबेशनं गोल केला. जर्मनी 1-0 नं जिंकली तर दोघेही पुढे जाणार आणि जर्मनीला हरवलेला अल्जीरिया घरी जाणार, हे दोघांनाही ठाऊक होतं, कारण अल्जीरियाचा सामना आदल्या दिवशीच संपला होता. उरलेला बराचसा वेळ चेंडू आपापसात फिरत राहिला. चेंडू चालू, घड्याळ चालू, नियमांत बोट ठेवायला जागा नाही. त्याला मी वेळकाढूपणा म्हणणार नाही. ते संगनमत. उपायही वेगळाच निघाला: 1986 पासून गटातले शेवटचे सामने एकाच वेळी सुरू होतात.

मुंबईहून

वर्तमानपत्राच्या क्रीडापानावर काम करतो, म्हणून एक कळकळीची विनंती. 'अतिरिक्त वेळ' हा शब्द आपण दोन गोष्टींना लावतो आणि वाचकाचा गोंधळ करतो. बाद फेरीत बरोबरी झाली की 15-15 मिनिटांची दोन सत्रं होतात, तो जादा वेळ. 90 मिनिटांपुढे पंच जो वेळ देतो, तो त्याच सामन्यातून वाया गेलेल्या वेळेचा परतावा. त्याला 'भरपाई वेळ' हा सुंदर शब्द मराठी बातम्यांत आधीपासून आहे, तोच कायम वापरा. 'इंज्युरी टाइम' नको, कारण दुखापत हे अनेक कारणांपैकी एकच.

भरपाई या शब्दात हक्क आहे. पीक बुडालं की भरपाई मागतात, भीक मागत नाहीत. 2022 च्या कतार विश्वचषकात पंचांना गेलेला वेळ नीट मोजायला सांगितलं होतं. इंग्लंड-इराण सामन्यात इराणचा गोलरक्षक डोक्याला मार लागून बराच वेळ पडून होता, तेव्हा पहिल्याच सत्रात 14 मिनिटं भरपाई दिली गेली. लोकांना तो आकडा अवाच्या सवा वाटला. मला उलट वाटलं, इतकी वर्षं बुडवलेलं देणं कुणीतरी चुकतं करतंय. 90 मिनिटांच्या सामन्यात चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो तो साधारण 55 मिनिटं, हे एकदा लक्षात घेतलं की 14 हा आकडा जास्त वाटत नाही.

सांगलीहून, पुन्हा

सगळ्यांचे मनापासून आभार. पान लिहून झालं, आणि लिहिता लिहिता जे उमगलं ते सांगतो.

'वेळकाढूपणा' या शब्दात हेतू आहे, असं पुण्याहून लिहिलं. पंचाची अडचण तिथेच होती. बॅक-पास, म्हणजे आपल्याच खेळाडूनं मागे दिलेला चेंडू, गोलरक्षकानं हातात घ्यायला 1992 मध्ये बंदी आली, ती सोपी होती: पायानं मुद्दाम दिलेला पास दिसतो. पण हातातल्या चेंडूला सहा सेकंदांची मर्यादा होती, आणि ओलांडली तर शिक्षा होती गोलच्या तोंडाशी अप्रत्यक्ष फ्री किक. दोन-तीन सेकंदांसाठी एवढी जबर शिक्षा द्यायला पंचाचा हात धजत नसे. मग तो मनातल्या मनात हेतू शोधायचा: मुद्दाम करतोय की सहकारी शोधतोय? आणि सोडून द्यायचा. जेव्हा सोडलं नाही तेव्हा गहजब झाला. 6 ऑगस्ट 2012, लंडन ऑलिंपिकची महिलांची उपांत्य फेरी, ओल्ड ट्रॅफर्ड. कॅनडा अमेरिकेपुढे 3-2 होती. कॅनडाच्या गोलरक्षक एरिन मॅक्लाउडवर सहा सेकंदांचा नियम लागला. त्या फ्री किकवर हँडबॉल, त्यातून पेनल्टी, बरोबरी, आणि जादा वेळेत अमेरिका 4-3. नियमाप्रमाणे खरं, पण एरवी कुणालाच न लागणारा नियम त्या एकीला लागला, म्हणून ते अजून सलतं.

2025 चा बदल मला याच कारणानं आवडला. मर्यादा आठ सेकंद, म्हणजे आधीपेक्षा ऐसपैस. शिक्षा कॉर्नर, म्हणजे पंचाला झेपेल एवढी. आणि शेवटचे पाच सेकंद पंच हात वर करून बोटांनी सर्वांना दाखवतो. हेतूचा प्रश्नच उरला नाही. नाडी असो, मोजे असोत, आकडा भरला की कॉर्नर.

म्हणून त्या कलमात मी 'वेळकाढूपणा' लिहिलाच नाही. 'गोलरक्षकानं चेंडू आठ सेकंदांपेक्षा जास्त हातात ठेवला तर प्रतिस्पर्ध्याला कॉर्नर' एवढंच. तो शब्द पिवळ्या कार्डाच्या पानावर ठेवला, जिथे पंचाला हेतू पाहायचाच असतो. भरपाई वेळ मुंबईच्या सांगण्याप्रमाणे.

एकच अडकलंय. बोटांनी पाचपासून खाली यायचं, त्याला 'अवरोही गणना' लिहिलं होतं, पण ते जड वाटतं.

कोल्हापूरहून

'उलटी मोजणी' लिहा. आणि कंसात लिहा, पंचानं हात पुरता वर न्यावा. गोलच्या मागं उभ्या असलेल्यालाही दिसला पाहिजे.