स्वतंत्र लेखकाचा बायोडेटा कसा तयार केलात? आपले अनुभव लिहा

नोकरीसाठीचा बायोडेटा कसा असावा, हे बहुतेकांना ठाऊक असते. परंतु ज्याची पुस्तके स्वतःच्याच खर्चाने निघाली आहेत, अशा लेखकाकडे कार्यशाळेसाठी, अनुदानासाठी किंवा अनुवादाच्या कामासाठी परिचय मागितला गेला, की नेमके काय लिहावे असा प्रश्न पडतो. आपण काय ठेवले, काय वगळले आणि का, हे सविस्तर लिहावे, ही विनंती.

कादंबरीकार, नागपूर

माझ्या कादंबऱ्या मी स्वतः छापल्या आणि बायोडेटात प्रत्येक पुस्तकापुढे ‘प्रकाशक : लेखक’ असेच लिहितो. स्वप्रकाशन लपवण्यासाठी घरच्या पत्त्यावर एखाद्या प्रकाशनाचे नाव उभे करण्याचा सल्ला मला अनेकांनी दिला. तो मला पटला नाही, कारण वाचणाऱ्याला पुस्तकाची खरी हकीकत कळणे हा त्याचा हक्क आहे. नोंद अशी असते : शीर्षक, कादंबरी, प्रकाशक : लेखक, २०१९, पृष्ठे २१२, आयएसबीएन. प्रत्येक पुस्तकाची स्वतंत्र ओळख असलेला हा १३ अंकी क्रमांक भारतात राजा राममोहन राय राष्ट्रीय आयएसबीएन संस्थेकडून विनामूल्य मिळतो आणि स्वतः पुस्तक काढणारा लेखकही त्यासाठी अर्ज करू शकतो. छापील पुस्तक आणि ई-पुस्तक यांचे क्रमांक वेगळे असतात. पुस्तक काढून देणाऱ्या एखाद्या कंपनीने तिच्याजवळचा क्रमांक दिला असेल, तर नोंदणीत प्रकाशक म्हणून तिचे नाव असते आणि बायोडेटातही तेच यायला हवे. आणखी एक आग्रह : मजकुरात काही बदल न करता पुन्हा छापलेल्या प्रतींना मी पुनर्मुद्रण म्हणतो, दुसरी आवृत्ती म्हणत नाही.

कथालेखिका, पुणे

माझे बरेचसे लेखन दिवाळी अंकांत विखुरलेले आहे. १९०९ साली ‘मनोरंजन’च्या दिवाळी अंकापासून सुरू झालेल्या या परंपरेत मराठी कथेचा मोठा भाग प्रथम छापला गेला, त्यामुळे पुस्तक होण्याआधीच्या या कामाला बायोडेटात मानाची जागा मिळालीच पाहिजे, असे मला मनापासून वाटते. मात्र सगळ्या कथांची जंत्री मी देत नाही. ज्या कथा आज कोणी मागितल्या तर मी आनंदाने पुढे ठेवीन, तेवढ्याच अंकाचे नाव आणि वर्ष घालून निवडते, आणि प्रत्येकीचे कात्रण स्कॅन करून जवळ ठेवते.

नावाचा प्रश्न अनेक लेखिकांना भेडसावतो. माझ्या सुरुवातीच्या कथा माहेरच्या नावाने आहेत, नंतरच्या सासरच्या, आणि पॅनकार्डावर तिसराच क्रम आहे. मानधन बँकेत जमा होताना आयोजकांना अडचण येऊ नये, म्हणून अगदी वर लेखननाव, त्याखाली ‘२००४ पर्यंतचे लेखन माहेरच्या नावाने प्रसिद्ध’ ही ओळ आणि शेवटी कागदोपत्री नाव, अशी मांडणी मी पक्की केली आहे. मुले लहान असताना मी काही वर्षे लिहिले नाही. ती वर्षे भरून काढण्याची गरज मला कधी वाटली नाही.

अनुवादक, बेळगाव (कन्नड–मराठी)

अनुवादाच्या नोंदीत मूळ लेखक, मूळ भाषा आणि हक्काची स्थिती या तीन गोष्टी हव्यातच. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क टिकतो आणि अनुवादाचा अधिकारही त्यातच येतो, म्हणून ‘लेखी परवानगीने’ हे दोन शब्द प्रकाशकाला फार मोलाचे वाटतात. मी मूळ उताऱ्याचे एक पान आणि त्याचा माझा अनुवाद समोरासमोर लावून बायोडेटाला जोडतो.

कवी, सोलापूर

पैसे भरून मिळणारे सन्मान मी नोंदवत नाही. पुरस्कार कोणत्या संस्थेचा, कोणत्या वर्षी आणि कोणत्या पुस्तकासाठी मिळाला, हे सांगता येत असेल तरच तो लिहितो. साहित्य अकादमीच्या युवा पुरस्काराला ३५ वर्षांची वयोमर्यादा आहे, तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पहिल्या पुस्तकासाठी आहे. त्यामुळे अशा ठिकाणी अर्ज करताना जन्मतारीख आणि पुस्तकाचा क्रम वर आणतो, एरवी जन्मतारीख देतही नाही.

मराठीच्या प्राध्यापिका, कोल्हापूर

महाविद्यालयात लेखकांना बोलावताना असे परिचय मी नियमित वाचते. ‘सुप्रसिद्ध’, ‘सिद्धहस्त’ अशी विशेषणे आम्हाला उपयोगी पडत नाहीत. पुस्तक ग्रंथालयासाठी कोठून मागवायचे, लेखक कोणत्या विषयावर किती वेळ बोलू शकतो, याआधी विद्यार्थ्यांसमोर कोठे बोलला आहे, हे दोन पानांत सापडले, तर आम्ही त्याच दिवशी दूरध्वनी करतो. बायोडेटावर तो शेवटचा कधी सुधारला, याची तारीख घालावी आणि सध्या हाती असलेले लेखन एका ओळीत सांगावे. निवड समितीत बहुधा त्याच ओळीवरून पहिला प्रश्न विचारला जातो.